जाता जाता खरं लिहून जा : खोली सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

परीक्षा संपत आल्या असतील. खोलीत अर्ध्या भरलेल्या बॅगा, भिंतीवरचे फोटो काढल्यावर मागे राहिलेले चिकटपट्टीचे डाग, आणि डोक्यात एकच हिशेब की डिपॉझिट पूर्ण परत मिळेल का. अशा गडबडीत कुणी आणखी एक काम गळ्यात घालावं हे बरं नाही. तरी घालते आहे, कारण हे काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नाही, आणि आणखी चार-सहा महिन्यांनी ते तुमच्याही हातून होणार नाही. ज्या खोलीत वर्ष काढलंत तिच्याबद्दल खरं लिहून जा.

मी तसं केलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

कॉलेजच्या आसपास भाडी झेपण्यासारखी नव्हती, त्यामुळे माझ्यासारखे बरेच जण उपनगरात खोली शोधत होते. तिथे विद्यार्थ्यांसाठी बांधलेली एक इमारत सापडली. रेटिंग ४.७. फोटोत मोठी खिडकी, स्वच्छ टेबल, भिंती पांढऱ्याशुभ्र. करारावर सही झाली तशी काउंटरवरच्या मुलीने टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. छोटासा रिव्ह्यू टाका, म्हणाली, आजच टाकलात तर एक कूपन मिळेल. मी पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘स्टाफ खूप मदत करणारा, खोली स्वच्छ, परिसर शांत.’ त्या खोलीत तोवर मी एक रात्रही झोपले नव्हते. परिसर शांत असल्याचं मी ठरवलं होतं ते सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता बघून.

दुसऱ्या महिन्यात पाऊस लागला आणि कपाटामागच्या भिंतीला ओल आली. आधी कपड्यांना कुबट वास यायला लागला, मग भिंतीचे पोपडे सुटले, मग काळ्या बुरशीचे ठिपके. तक्रार केली की ऑफिसातून उत्तर यायचं, खिडकी उघडी ठेवत जा. वास्तविक ओल आणि बुरशी हा खिडकीपुरता विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत, आणि ओलसर घरात राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या इतर त्रासांचा धोका जास्त असतो असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी खिडकी उघडी ठेवत राहिले आणि रात्रभर खोकत राहिले.

पण खरी गोष्ट मला शेवटच्या आठवड्यातली सांगायची आहे. एक मुलगी खोली बघायला आली. सोबत ऑफिसचा माणूस. आदल्याच दिवशी मी ते कपाट ढकलून पुन्हा भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं होतं, कारण डाग दिसला तर रंगकामाचे पैसे माझ्याच डिपॉझिटमधून कापतील अशी धास्ती होती. तिने खिडकीतून बाहेर बघितलं, नळ सोडून बघितला आणि मला विचारलं, “कसं आहे इथं?” तो माणूस दारातच उभा होता. मी म्हटलं, “छान आहे.” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हो ना,” ती म्हणाली, “रिव्ह्यूसुद्धा सगळे चांगलेच आहेत.”

त्यातला एक माझा होता.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण सहज म्हणून जातो. पण पुढचा ओरडला तरच ना मागचा शहाणा होणार. ठेच लागलेले सगळे ओठ आवळून गप्प चालत राहिले तर मागच्यांनी शिकायचं कशातून? आणि भाडेकरूचं तोंड बंद करायला धमकीची गरजही पडत नाही. डिपॉझिट अडकलेलं असतं, पुढच्या घरमालकाला दाखवायला आधीच्या मालकाची चिठ्ठी लागणार असते, आपली अळीमिळी गुपचिळी.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. चांगली आणि वाईट गाडी त्याला ओळखू येत नसेल तर तो दोन्हींना सारखाच, मधला भाव देतो. मग चांगली गाडी असलेल्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट गाड्या उरतात. भाड्याच्या खोल्यांचं काही वेगळं नाही. ज्या मालकाने गळका पाइप बदलला आणि ज्याने वरून रंग मारला, त्या दोघांच्या खोल्यांचे फोटो सारखेच दिसतात. पाइप बदलण्याचा खर्च करून पहिल्याच्या पदरात काय पडलं? खरं लिहिणारा भाडेकरू नसेल तर काहीच नाही. म्हणून कुणी म्हणालं की रिव्ह्यू म्हणजे मालकांच्या विरोधातलं हत्यार, तर ते मला पटत नाही. नीट वागणाऱ्या मालकाला त्याची गरज आपल्याइतकीच आहे.

फक्त खोलीत फरक इतका, की गाडीचं गुपित एकट्या विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि खोलीचं आणखी एकाला ठाऊक असतं. सोडून जाणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला.

आता लिहायचं कधी, याबद्दल. राहायला आल्याच्या दिवशी लिहू नका, मी लिहिलं तसं. बॅगा भरताना चिडूनही लिहू नका. डिपॉझिट खात्यात जमा झालं की त्याच दिवशी संध्याकाळी लिहा. घराशी संबंधित सगळ्या गोष्टी तोवर घडून गेलेल्या असतात, मालकाकडे तुमचं काही अडकलेलं नसतं, आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा तपशील हाताशी असतो, तो म्हणजे पैसे किती दिवसांनी आले आणि कशापायी किती कापले. करारात लिहिलेली मुदत उलटून गेली आणि पैसे आलेच नाहीत, तर मुदत किती होती आणि आज कितवा दिवस आहे तेवढंच लिहा. मोबाइलमध्ये आत्ताच आठवण लावून ठेवा. नव्या शहरात गेल्यावर जुनी खोली डोक्यातून पार जाते, हे मी स्वतःवरून सांगते.

भीतीचा हा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. लोक आपली घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने देतात त्या एअरबीएनबी या वेबसाइटवर पूर्वी पाहुणा आणि यजमान यांच्यापैकी एकाचा रिव्ह्यू आधी प्रसिद्ध झाला की तो वाचून दुसऱ्याला आपला लिहिता यायचा. त्यामुळे उट्टं निघेल या भीतीने लोक गोडगोड लिहायचे. २०१४ मध्ये त्यांनी नियम बदलला. दोघांनीही लिहून दिल्यावर किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच दोन्ही रिव्ह्यू एकदम उघडतात. वर्षभराच्या भाडेकराराला असा पडदा सहसा नसतो, म्हणून तो आपला आपण टाकायचा, डिपॉझिट हातात येईपर्यंत थांबून.

कायदेही आले आहेत. अमेरिकेत २०१६ च्या कायद्यानुसार ग्राहकावर लादलेल्या छापील करारात ‘वाईट लिहायचं नाही’ असं कलम घालता येत नाही. तिथल्याच व्यापार आयोगाचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम खोटे रिव्ह्यू विकत घेणं आणि चांगलंच लिहायचं अशा अटीवर बक्षीस देणं, दोन्हींना मनाई करतो. ब्रिटनमध्ये खोट्या रिव्ह्यूंवरची बंदी एप्रिल २०२५ पासून अमलात आली. भारतात मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे छापावेत यासाठी. हे सगळं हवंच होतं. पण माझ्या त्या पाच ताऱ्यांना अडवणं यातल्या कुठल्या नियमाला सोपं गेलं असतं, सांगा. मी खरी भाडेकरू होते. खातं माझंच होतं. कूपन ‘चांगलं लिहा’ म्हणून नव्हतं, नुसतं ‘लिहा’ म्हणून होतं. आणि वर्षभर राहून मी जे लिहिलं नाही, त्याला तर जगातला कुठलाच कायदा हात लावू शकत नाही.

काय लिहायचं ते सांगताना मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुकतं ते इथेच. ‘मस्त जागा’ आणि ‘अगदी भंगार’ या दोन्हींतून पुढच्याला काहीच कळत नाही. मोजून लिहा. उपनगरातल्या खोलीच्या जाहिरातीत ‘कॉलेजपासून फक्त १० मिनिटांवर’ असं हमखास असतं. कशाने १० मिनिटं? गाडीने, रिकाम्या रस्त्यावरून, पहाटे? जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी यावर नियमच आहे. चालण्याचा वेळ लिहायचा असेल तर ८० मीटरला एक मिनिट धरायचं आणि वर उरलेल्या मीटरांचंही पूर्ण मिनिट मोजायचं. म्हणजे १० मिनिटं म्हटलं की ८०० मीटरच्या आत. चढ आणि सिग्नल त्यातही धरलेले नसतात, पण निदान सगळ्यांचं माप एक. आपल्या बाबतीत ते माप तुम्ही द्यायचं आहे. दार ओढून निघाल्यापासून वर्गातल्या बाकावर बसेपर्यंत, कामाच्या दिवशी, सकाळी किती मिनिटं लागत होती? तेच रात्री परतताना किती? बस किती वेळाने येते? दर ४० मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक न बघता स्टॉपवर गेलेल्याला सरासरी २० मिनिटं ताटकळावं लागतं, आणि ती २० मिनिटं कुठल्याही नकाशावर दिसत नाहीत. शेवटची बस कितीला? सुट्टीच्या दिवशी कितीला? आमच्या लायब्ररीची वेळ रात्री १० पर्यंत होती आणि माझी शेवटची बस ९.२० ला सुटायची. वर्षभर मी रोज ९ वाजता पुस्तक मिटून उठले. ‘कॉलेज जवळ आहे का’ या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हे होतं.

स्टॉपपासून दारापर्यंतचा रस्ता लिहा. दिवे आहेत का, फूटपाथ आहे का, रात्री दुकानं उघडी असतात का की दोन्ही बाजूंना नुसत्या कंपाउंडच्या भिंती. औषधाचं दुकान चालत किती लांब. या गोष्टी खोली बघायला दिवसाढवळ्या आलेल्या माणसाला दिसत नाहीत, आणि त्याच्या आईवडिलांना तर मुळीच नाहीत.

दुरुस्तीबद्दल लिहिताना ‘लक्ष देत नाहीत’ असं नको. तक्रार कुठल्या तारखेला केली, माणूस कुठल्या तारखेला आला, काम टिकलं का, एवढंच. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्याला बाकीचं समजतं. वीज-पाण्याची बिलं भाड्यातच होती की वेगळी, मीटर स्वतंत्र होतं का, कुठल्या ऋतूत बिल फुगलं. आवाज कुठून यायचा आणि किती वाजेपर्यंत. इंटरनेट रात्री सगळे एकदम बसले की चालायचं का.

आणि चांगलं होतं तेही लिहा. रिव्ह्यूंचा आलेख काढणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पाच ताऱ्यांचा ढीग, एका ताऱ्याचा छोटा उंचवटा, मधे खड्डा. फार खूश असलेला लिहितो, फार संतापलेला लिहितो, आणि ज्याचं बरं चाललं होतं तो लिहीतच नाही. पण भाड्याच्या खोलीतलं आयुष्य बहुतेक त्या खड्ड्यातच असतं. पाणी वेळेवर, भिंत ओली, शेजारी चांगले, बस वाईट. तीन तारे देणाऱ्याचा शब्द मला आज सगळ्यात जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्यातले बरेच जण इथली खोली सोडून दुसरीकडे शोधायला निघाले असतील, तेव्हा वाचण्याबद्दलही थोडं. आकडा बघायच्या आधी त्यामागची माणसं मोजा. सहा जणांपैकी पाचांनी पाच आणि एकाने चार तारे दिले तर सरासरी ४.८३ येते. त्यात एक तारा देणारा सातवा आला की तीच ४.२९ वर उतरते. दोनशे जणांच्या ४.३ ला मात्र एका संतापलेल्या माणसाने काही होत नाही. मग तारखा बघा. प्रवेशाच्या हंगामात दोन आठवड्यांत तीस रिव्ह्यू आणि बाकी वर्षभर शुकशुकाट, असं दिसलं तर ते कधी आणि कुठे बसून लिहून घेतले असतील हे मी वर सांगितलंच आहे. ज्यात फक्त ऑफिसातल्या कुणाचं तरी नाव आणि कौतुक आहे, खोलीबद्दल एक अक्षर नाही, ते बाजूला ठेवा. करार संपल्यानंतर लिहिलेले शोधा, तीन असले तरी पुरेत. इमारतीचं नाव बदललेलं असू शकतं, म्हणून पत्ता टाकूनही शोधा, जुन्या नावाखालचं बरंच काही निघतं. आणि व्यवस्थापनाची उत्तरं जरूर वाचा. प्रत्येक तक्रारीखाली ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आम्हाला मेल करा’ हेच चिकटवलेलं असेल तर आत कुणी वाचत नाही. ‘त्या मजल्यावरचा पाइप आम्ही गेल्या महिन्यात बदलला’ असं कुणी लिहिलं असेल, तर चूक झालेली असूनही मी त्या इमारतीकडे आधी जाईन.

लिहिताना न्यायाने लिहा, ही मात्र हात जोडून विनंती. रूममेटशी पटलं नाही हा इमारतीचा दोष नव्हे. आपल्या हातून फुटलेल्या बेसिनचे पैसे कापले गेले तर ती लूट नव्हे. पाहिलं तेच लिहा, ऐकीव नको, पगारावर राबणाऱ्या वॉचमनचं किंवा सफाईवाल्या मावशींचं नाव नको. तारखा आणि फोटो जपून ठेवा. उद्या कुणी ‘खोटं लिहिलंत’ म्हणून अंगावर आलं तर शांतपणे दाखवता येतात.

आणि लिहिणं नाहीच जमलं, तर निदान एवढं करा. या आठवड्यात तुमची खोली बघायला कुणी आलं तर सोबतच्या माणसासमोर काही बोलू नका, पण जिन्यात गाठून आपला नंबर द्या. संध्याकाळी फोन कर म्हणावं. दहा मिनिटं बोला. माझ्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला मी एवढंही केलं नाही. ती तिथे किती दिवस राहिली, तिलाही खोकला झाला का, मला माहीत नाही. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी तो जुना रिव्ह्यू उघडला. पाच तारे तसेच होते आणि खाली ‘उपयुक्त’ म्हणून १४ जणांनी खूण केलेली होती. मी तो बदलला. आता तिथे हे आहे :

“हा रिव्ह्यू मी राहायला येण्याआधी कूपनासाठी लिहिला होता. तीन वर्षांनी दुरुस्त करते आहे, मधल्या काळात काही बदललं असेल तर नंतर राहिलेल्यांनी सांगावं. दुसरा मजला, मागची बाजू. ११ महिने राहिले. कपाटामागच्या भिंतीला दुसऱ्या महिन्यापासून ओल आणि बुरशी. तीन लेखी तक्रारी. पहिलीनंतर २३ दिवसांनी माणूस आला, वरून रंग मारून गेला, पाच आठवड्यांत ओल परत. शेवटची बस ९.२०. ती चुकली तर मोठ्या रस्त्यापासून २५ मिनिटं चालत, त्यातली ८ मिनिटं अंधारात. गरम पाणी एकदाही चुकलं नाही. रात्रपाळीचे वॉचमन काका फार भले. डिपॉझिट ५२ दिवसांनी, रंगकामाचे पैसे कापून. खोली बघायला गेलात तर कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा.”

तुमचीच,
एक जुनी भाडेकरू